कंपालात लिहिणाऱ्यांच्या बैठकीत बसायचं असेल तर

कंपालात नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांचे प्रश्न ठरलेले असतात. तूरडाळ कुठे मिळते, शाळा कोणती घ्यावी, अंधार पडल्यावर बाहेर पडावं का, मलेरियाचं काय करायचं. मग घर मार्गी लागतं, आणि त्यांतल्याच एखादीचा किंवा एखाद्याचा जरा दबक्या आवाजात फोन येतो. "ताई, मी थोडंफार लिहिते. इथे तसं काही आहे का हो?" आहे. फोनवर तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी कराडकडची. बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट. युगांडात ऊस भरपूर, त्यामुळे आपल्याकडची साखरेतली माणसंही भरपूर. तो आठवडाभर जिंजा रस्त्याकडे, मी मुलीच्या शाळेसाठी कंपालात. म्हणजे संध्याकाळ मोकळी आणि जुन्या वह्या बॅगेत, अशी अवस्था. तुमचीही बहुधा तीच असेल.

जायचं कुठे

किरा रोडनं संग्रहालय मागे टाकून पुढे गेलात की 'कमवोच्या' या नावाचा भाग लागतो. पाटीवर शेवटचं अक्षर 'क्या' असं वाचाल, बोलताना ते 'च्या' होतं. बोडावाल्याला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला, 'क्या' म्हणालात तरी तो नेईल, फक्त हसेल. तिथे फेमराइटचं घर आहे. ही युगांडातल्या लेखिकांची संघटना. सोमवारी संध्याकाळी पाच ते सात तिथे वाचनाची बैठक भरते, ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली. संघटना बायकांची असली तरी सोमवारच्या बैठकीला पुरुषांनाही येता येतं, तेव्हा नवरे मंडळींनी हिरमुसू नये. सभासद व्हायचं असेल तर कार्यालयात जाऊन नियम आणि वर्गणी विचारा. पण तो विचार नंतरचा. कुणालाही आधी सोमवारी बसूनच यायला सांगते.

निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. सुट्टी असते, कधी पुस्तकाचं प्रकाशन असतं, कधी कार्यशाळेमुळे बैठक पुढे जाते.

ही संस्था का उभी राहिली ते थोडं माहीत असू द्या, म्हणजे तिथे कसं वागायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही. १९६२ च्या जूनमध्ये इथल्याच मकेरेरे विद्यापीठात इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांचं एक संमेलन भरलं. नायजेरियाचे चिनुआ अचेबे आले होते, वोले सोयिंका आले होते, केनियाचे न्गुगी वा थिओंगो तेव्हा तिथेच विद्यार्थी होते. बायका मोजक्याच. केनियाच्या ग्रेस ओगोट आणि रेबेका न्जाऊ ही त्यांतली दोन नावं. त्यानंतर १९७१ मध्ये हुकूमशहा इदी अमीन सत्तेवर आला, मग यादवी. लिहिणारे परागंदा झाले, छापणारे थंडावले. देश सावरल्यावर प्रकाशकांनी क्रमिक पुस्तकांचा धंदा धरला, कारण खप तिथेच. कथा-कादंबरी, त्यातून बाईची, छापायला कोण हात पुढे करणार?

तेव्हा १९९५ मध्ये मकेरेरेत साहित्य शिकवणाऱ्या मेरी करूरो ओकुरुत यांनी लिहित्या बायकांना एकत्र आणलं, आणि ३ मे १९९६ ला संस्थेचं रीतसर उद्घाटन झालं. ओकुरुतबाई पुढे खासदार झाल्या, मंत्री झाल्या. संस्था मात्र त्यांच्या खुर्चीला बांधलेली राहिली नाही. आपल्याकडच्या काही साहित्य संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला याचं किती कौतुक वाटतं, ते सांगायला नकोच. १९९८ पासून संस्थेनं स्वतःची पुस्तकं काढायला घेतली. सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षं कारभार पाहणाऱ्या गोरेट्टी च्योमुहेन्डो स्वतः कादंबरीकार. त्यांनी पुढे २००९ मध्ये आफ्रिकन रायटर्स ट्रस्ट सुरू केला. २००७ मध्ये आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी कथेसाठीचा केन पुरस्कार मोनिका आराक द न्येको यांना मिळाला. युगांडाला तो पहिल्यांदाच मिळत होता, आणि त्या या संघटनेच्या सभासद. बिएट्रिस लमवाका यांची कथा २०११ मध्ये त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीत होती.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की ही वेळ घालवायची जागा नाही. शाल-श्रीफळ नाही, 'आपल्यामध्ये आज उपस्थित असलेल्या' नाही, आणि तुमच्या कवितेवर कुणी नुसतं 'वा!' म्हणून पुढे जात नाही.

पोचायचं कसं

बोडा म्हणजे मोटारसायकल. अॅपवरून बोलावलीत तर घासाघीस वाचते आणि हेल्मेट मिळतं. ते डोक्यावर घाला, केसांची काळजी नंतर करा. चौदा सीटची पांढरी गाडी, जिच्या कमरेला निळ्या चौकड्यांचा पट्टा असतो, तिला इथे टॅक्सी म्हणतात. ती स्वस्त, पण भरल्याशिवाय हलत नाही. सोमवारी संध्याकाळी रस्ते तुंबतात. पाचला पोचायचं तर चारलाच बूड हलवा.

येताना उजेड नसतो. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने सातच्या सुमारास अंधार होतो, उन्हाळा-हिवाळा काही नाही. परतीची सोय बैठकीतच ठरवून ठेवा. तुमच्या दिशेनं जाणारं कुणी ना कुणी असतंच. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने. तो पाऊस असा कोसळतो की बोडावाला आडोशाला थांबतो आणि तुम्हालाही थांबवतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या.

पहिले काही सोमवार नुसतं ऐका

माझ्या सांगण्यातलं एकच पाळायचं असेल तर हे पाळा. पहिल्या दिवशी स्वतःचं काही काढू नका. वही घेऊन जा, मागे बसा आणि ऐका. कुणी सांगितलंच तर नाव, गाव आणि काय लिहिता ते दोन वाक्यांत सांगा. कोणत्या दिवाळी अंकात काय छापून आलं ती यादी तिथे कुणाला कळणारही नाही, आणि लागणारही नाही.

आल्या आल्या विचारपूस करायची. इथे थेट कामाचं बोलायला सुरुवात करणं उद्धटपणाचं समजतात. आधी कशा आहात, घरचे कसे आहेत, मग पुढचं. बाईमाणसाला 'न्याबो', पुरुषाला 'सेबो' म्हणा. आभाराला 'वेबाले'. एवढी लुगांडा पुरते, पुढचं सगळं इंग्रजीत. पण सगळ्यांची मायबोली लुगांडाच असेल असं धरून चालू नका. एक उत्तरेतल्या अचोलीकडची असते, एक पश्चिमेकडची रुन्यांकोले बोलणारी, एक पूर्वेकडची आतेसो. इंग्रजी ही त्यांचीही घरची भाषा नाही. त्यामुळे तुमचं इंग्रजी ठेचकाळलं तर कुणी भुवया उंचावत नाही. पुण्यातल्या काही बैठकांपेक्षा मला इथे इंग्रजी बोलायला कमी संकोच वाटतो.

ऐकताना काय टिपायचं? मी दोन गोष्टी टिपत असे: ऐकणारी माणसं कुठे हसली, आणि कुठे चुळबुळली. मत काय दिलं त्यापेक्षा हे जास्त कामाला येतं.

एक उदाहरण देते, म्हणजे तिथे कसलं काम चालतं ते समजेल. एका कॉलेजातल्या मुलीनं कथा वाचली. कथेतली मुलगी नळावरून पाण्याचा जेरीकॅन डोक्यावर घेऊन पळत घरी येते, कारण भाऊ आजारी आहे. हे पिवळे वीस लिटरचे जेरीकॅन तुम्ही कंपालात पावलोपावली पाहाल, मुळात खाद्यतेलाचे असतात. वाचन झालं. एका वयस्कर बाईंनी विचारलं, "वीस लिटर डोक्यावर घेऊन तू कधी पळली आहेस का?" मुलगी गप्प. "वीस किलो वजन होतं. मान ताठ ठेवून चालावं लागतं. पळशील तर पाणी सांडेल, मान धरेल. तिला पळवायचंच असेल तर आधी जेरीकॅन खाली ठेवायला लाव. पाणी की भाऊ, काय निवडते ते आम्हाला दिसू दे." मग दुसरीनं विचारलं, "झाकण होतं का?" झाकणं हरवतातच. मग तोंडात काय कोंबतात यावर सगळ्यांनी आपापलं सांगितलं. कच्चं केळं, रताळ्याचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पिशवीचा बोळा. पुढच्या वाचनाला त्या कथेत जेरीकॅन रस्त्याच्या कडेला ठेवलेला होता, तोंडात हिरवं केळं, आणि मुलगी हात मोकळे सोडून पळत होती. कथा तीच, पण आता ऐकताना पोटात गोळा आला. बैठकीत 'समकालीन स्त्रीजाणिवा' असला एकही शब्द उच्चारला गेला नव्हता.

स्वतःचं वाचायची वेळ आली की

दोन-तीन बैठकांनी तोंडओळख झाली की सूत्रसंचालन करणारीला सांगा, मला वाचायचंय. लगेच नंबर लागेल असं नाही. इथल्या मुलींचा हक्क आधी, हे मनात धरूनच सांगा.

मजकूर मराठीत असेल तर इंग्रजी करावं लागणार. सगळी कथा करत बसू नका. जिथे काहीतरी घडतंय असा तुकडा निवडा. इंग्रजीचे दीड हजार शब्द म्हणजे सावकाश वाचलं तर बारा मिनिटं. त्याहून जास्त नको. भाषांतर करताना 'ओटी', 'माहेर', 'उंबरा' यांना शेपूट लावून अर्थ देत बसू नका. तसाच शब्द ठेवा आणि प्रसंग नीट लिहा. अडलं तर विचारतील, आणि कुठे अडलं हेच तर तुम्हाला हवंय. मशीनकडून भाषांतर करून घेतलंत तरी मोठ्यानं वाचून पाहा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मराठीचंही राहिलेलं नसतं आणि इंग्रजीचंही झालेलं नसतं.

प्रती काढायच्या. दहा-बारा पुरतात. ओळींत जागा सोडा, पानांना आकडे घाला. आकडे नसले की 'ते तिसऱ्या पानावरचं, नाही नाही, त्याच्या मागचं' यात पाच मिनिटं जातात. वांडेगेयात, मकेरेरेच्या बाहेर, विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्सची दुकानं ओळीनं आहेत. पानाला शंभर-दोनशे शिलिंग ऐकून दचकू नका, एका रुपयाला चाळीसच्या आसपास शिलिंग येतात. मोठं छपाईचं काम असेल तर शहरातला नासर रोड. तिथे लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पोस्टरपर्यंत सगळं छापून मिळतं, आणि जे छापू नये तेही, असं लोक हसत सांगतात. प्रती आदल्या दिवशीच काढा. सोमवारी दुपारी नेमकी लाइट जाते, असा माझा ठाम समज आहे.

वाचताना अभिनय करू नका. आपल्याकडे कथाकथनाची सवय असते, आवाज चढवायचा, थांबायचं, टाळी घ्यायची. इथे तुमच्या गळ्याची परीक्षा नाही, कागदाची आहे. सरळ वाचा. प्रस्तावनाही नको. 'ही कथा मला कशी सुचली' हे सांगायला लागलात की ऐकणारा कथा सोडून तुमच्याकडे बघायला लागतो.

मग लोक बोलतील. तेव्हा उत्तर द्यायचं नाही, लिहून घ्यायचं. फार कठीण जातं, विशेषतः आपण शिक्षक असलो तर. शेवटी तुम्हाला बोलायला सांगतील तेव्हा एक-दोन प्रश्न विचारा, खुलासे करू नका.

माझ्या एका कथेत सून सासूला भाकरी वाढते. ताटात दुसरी भाकरी टाकते आणि चुलीकडे वळते, एवढंच. मला त्यांच्यातला शांत समेट दाखवायचा होता. बैठकीतल्या एकीनं पहिलाच प्रश्न केला, "ही मुलगी सासूचा अपमान का करतेय?" कुठे करतेय? "उभ्यानं वाढतेय." बुगांडात, म्हणजे कंपालाच्या आसपासच्या लुगांडा बोलणाऱ्यांच्या मुलखात, थोरांना वाढताना, नमस्कार-चमत्कार करताना बाई गुडघे टेकते. शहरातल्या मुलीही गावी गेल्या की टेकतात. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर एक ताठ उभी, मुजोर सून होती. मी काही खुलासा केला नाही. घरी येऊन सुनेला चुलीपुढे बसवली, तव्यावरची भाकरी तिनं बसल्या जागेवरून सासूच्या ताटात सरकवली. ते मराठीतही बरं झालं. आमच्याकडे चुलीपुढे बाई उभी कशी असेल, हे मला कराडच्या कुणी विचारलं नव्हतं.

प्रत्येक मत घ्यायचंच असं नाही. तीन जणींना एकाच जागी अडलं तर ती जागा दुरुस्त करा. एकालाच अडलं तर वहीत राहू द्या. आणि एखादा नेहमीचा पंडित असतोच, तो सगळ्यांच्या कथेचा शेवट बदलायला सांगतो. त्याला 'वेबाले सेबो' म्हणायचं.

आपण मुयिंडी आहोत

हे कुणी उघड सांगत नाही, म्हणून मी सांगते. भारतीय माणसाला इथे मुयिंडी म्हणतात, आणि कथांमध्ये मुयिंडी येतो. बहुतेकदा दुकानदार असतो, कधी कारखान्याचा मालक. गल्ल्यावर बसून नोकरावर खेकसतो, मुलीचा पगार कापतो, घरकाम करणाऱ्या बाईला वेगळा कप देतो. तुमच्यासमोर अशी कथा वाचली जाईल. वाचणारी एकदा तुमच्याकडे बघेलही.

'सगळे तसे नसतात' हे वाक्य तोंडातून काढू नका. ते तिलाही ठाऊक आहे. शिवाय आपण गुजराती नाही, मराठी आहोत, आमचं दुकान नाही, हा बचाव तर फारच केविलवाणा. कथेबद्दल बोला. त्या माणसाच्या बोलण्याची लकब खरी वाटते का, दुकानाच्या मागच्या खोलीत काय असतं, देवाचा फोटो कुठे लावतात, दुपारी डब्यात काय असतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि तिला नाही. विचारलं तर ते द्या. खलनायक खलनायकच राहू दे, पण नीट जेवलेला असू दे. वेगळ्या कपाचं म्हणाल तर, मराठी माणसाला ते नवीन आहे असं सोंग आणण्यात अर्थ नाही.

इतिहासही डोक्यात असू द्या. १९७२ च्या ऑगस्टमध्ये अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले. दुकानं, घरं वाटून टाकली गेली. १९८६ नंतर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या राज्यात लोक परतू लागले आणि मालमत्ता परत मिळू लागल्या. दोन्ही बाजूंना या गोष्टीची स्वतःची कहाणी आहे, आणि दोन्हीकडच्या आज्या अजून ती सांगतात. आणि हेही असू द्या, की १९६१ मध्ये ट्रान्झिशन हे साहित्यिक नियतकालिक याच शहरात सुरू झालं, ते रजत निओगी यांनी. बंगाली कुटुंबातला, कंपालात जन्मलेला माणूस. आफ्रिकेतले बिनीचे लेखक त्यात लिहीत होते. १९६८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांच्या सरकारनं निओगींना तुरुंगात टाकलं. म्हणजे इथल्या साहित्यात आपल्याकडच्या माणसाला जागा नाही असं मुळीच नाही, फक्त ती गल्ल्यामागून मिळालेली नव्हती.

फोन पर्समध्ये

बैठकीत रेकॉर्डिंग करू नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि कुणी काय वाचलं ते समाजमाध्यमांवर टाकू नका. एक कारण साधं, लिखाण कच्चं असतं. दुसरं कारण गंभीर आहे. मकेरेरेत संशोधक राहिलेल्या स्टेला न्यान्झी यांना राष्ट्राध्यक्षांवरच्या एका कवितेपायी २०१९ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २०२० च्या फेब्रुवारीत वरच्या न्यायालयानं ती रद्द केली, पण तोवर त्या वर्षाहून जास्त काळ आत होत्या. तुम्ही परदेशी, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या परवान्यावर राहणारे. तुमचं फार तर विमानाचं तिकीट निघेल. वाचणाऱ्याला मात्र इथेच राहायचंय.

याच कारणानं दुसऱ्याची कहाणी उचलतानाही जपा. या संस्थेच्या लेखिकांनी एक मोठं काम केलंय. उत्तरेतल्या युद्धात होरपळलेल्या बायका, नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायका, एचआयव्ही घेऊन जगणाऱ्या बायका यांच्याकडे जाऊन, बसून, त्यांची हकिकत ऐकून लिहिली. त्या प्रकल्पातल्या कुणाशी बोलायला मिळालं तर सोडू नका. घरी भांडी घासणाऱ्या बाईची गोष्ट तिला न विचारता 'आफ्रिकी अनुभव' म्हणून खपवणं मग आपोआप थांबेल.

हात आखडता घेऊ नका

अशा संस्था परदेशी निधीवर तगतात आणि निधी आटला की ओढाताण होते. इथेही तेच. म्हणून ही भिशी समजा: तुमचा नंबर लागला तेव्हा बारा जणांनी तुमच्यासाठी कान दिले, तेव्हा इतरांच्या नंबराला तुम्हीही हजर पाहिजे. स्वतःचं वाचून झाल्यावर गायब होणारे लोक सगळ्यांच्या लक्षात राहतात.

पुस्तकं विकत घ्या. कार्यालयातच मिळतात, नाहीतर शहरात अॅरिस्टॉकच्या दुकानात शोधा. 'एखादी प्रत भेट मिळेल का' हे मराठी वाक्य इंग्रजीत सुद्धा आणू नका. मोबाइल मनीनं पैसे घेतात, सुट्ट्यांची कटकट नाही. टायपिंग येत असेल, मुद्रितं तपासता येत असतील, हिशेब येत असेल तर सांगून ठेवा. शाळेतल्या मुलींच्या कथा वाचून शेरे लिहायला माणसं नेहमीच कमी पडतात. मला ते काम सर्वांत आवडतं, तिथे माझी जुनी लाल पेन कामाला येते. (लाल वापरू नका, असं एकीनं हळूच सुचवलं. आता हिरवी वापरते.)

खायला काही न्यायचं असेल तर शेंगदाण्याचा लाडू. इथले शेंगदाणे उत्तम, लाडू ओळखीचा वाटतो आणि हात तेलकट होत नाहीत. चिवडा नेऊ नका, प्रतींवर हळदीचे डाग पडतात.

आणि छापायचं झालं तर

संस्थेकडून संग्रहासाठी कथा-कविता मागवल्या जातात तेव्हा त्या कुणासाठी आहेत ते नीट वाचा. बरेचदा युगांडाच्या किंवा आफ्रिकेतल्या बायकांसाठी असतात, तिथे आपण हात वर करायचा नाही. जिथे चालतं तिथे पाठवा, शब्दमर्यादा आणि तारीख पाळून. मानधन मोठं नसतं. करार मात्र मागून घ्या आणि वाचा. इथला कॉपीराइटचा कायदा २००६ चा आहे आणि लेखकाचा हक्क लेखकाकडे ठेवतो, पण सहीच्या ओळीवर डोळे मिटून सही केलीत तर कायदा काय करणार?

मूळ मराठी कथा आपल्या दिवाळी अंकाला द्यायची असेल तर अंकवाले जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर मागतात. तीच कथा इंग्रजीतून इथल्या संग्रहात घेतली गेली असेल तर दोन्हीकडे आधी कळवा, आणि मूळ भाषेतल्या प्रकाशनाचा हक्क तुमच्याकडेच आहे अशी एक ओळ मेलवर लेखी घेऊन ठेवा. दोन्ही संपादक सहसा हरकत घेत नाहीत, नंतर समजलं तर मात्र रागावतात. दिवाळी अंकाची लेखकाची प्रत टपालानं मागवू नका. डिसेंबरात सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत टाकायला सांगा, बाकरवडीच्या पुड्यांच्या शेजारी पाव किलोची जागा निघते.